अक्कासाठी सुती मोजे

कोल्हापुरात पायमोजे विणायच्या सुया मागितल्या की दुकानदार आधी तुमच्याकडं नीट बघून घेतो. महाद्वार रोडवरच्या त्या दुकानदारानं मला विचारलं, "काश्मीरला निघालाय व्हय काकू?" मी म्हटलं, "न्हाय, घरातच हाय काश्मीर." तो मोठ्यानं हसला आणि चार दुटोकी सुया कागदात गुंडाळून दिल्या. मला काही हसू आलं नाही. घरी आईचे पाय थंडी लागल्यापासून गार होते ते गारच होते. गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं की तेवढ्यापुरते कोमट व्हायचे आणि पिशवी बाजूला केली की परत गार.

आईला आम्ही अक्का म्हणायचो. धाकट्या जावा तिला अक्का म्हणायच्या, ते ऐकून आम्हा भावंडांच्याही तोंडी तेच बसलं. तिच्या किडन्या कामातून गेल्या होत्या, हृदयही थकलं होतं. डॉक्टरांनी डायलिसिसचा विषय काढला तेव्हा ती त्यांना म्हणाली, "मशिनीला बांधून घेऊन जगायचं न्हाय मला." तिचं वय बघून डॉक्टरांनीही फार जोर केला नाही. तो त्यांनी करायला हवा होता असं मला अजून वाटतं. कशासाठी, ते मला सांगता यायचं नाही.

आम्ही जैन. अक्कानं जन्मभर नियम घेतले. नियम म्हणजे एखादी गोष्ट काही दिवसांसाठी नाहीतर कायमची सोडायची. कांदा-बटाटा तिनं लग्नाआधीच सोडलेला, रात्रीचं पाणी माझ्या जन्माच्या सुमाराला. एका उन्हाळ्यात आंबा सोडला आणि आम्हाला मात्र रोज कापून घातला. आम्ही तिला चिडवायचो, "अक्का, यंदा भांडण सोड की." ती म्हणायची, "ते सोडलं तर तुम्हांस्नी वळण कोण लावणार?" त्या नियमांचं आम्हाला कधी भय वाटलं नाही. ते घरातल्या भांड्याकुंड्यांसारखे नेहमीचे होते.

आजारपणात मात्र नियमांचा वेग वाढला. साखर गेली. गादी गेली, चटई आली. एक दिवस तिनं साड्या बाहेर काढल्या आणि दोन ठेवून बाकीच्या भाच्या-पुतण्यांच्या बायकांना वाटून टाकल्या. मला तिची जांभळी इरकल मिळाली. ती मी त्या दिवशी घडीही न मोडता कपाटात कोंबली. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही अण्णा म्हणतो, तो म्हणाला, "तिचा जीव हाय, तिचा धरम हाय." अण्णाला सगळं पटतं. मला तो धर्म कळत होता, त्यातच वाढले होते, पण पटत नव्हता. ती एकेक वस्तू हातातून खाली ठेवत चालली होती आणि शेवटची वस्तू आम्ही असणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

अशात एका सकाळी तिनं पाय पोटाशी ओढून घेतले आणि म्हणाली, "पाय लई गार पडत्यात गं. मोजं तरी आण कायतरी."

आण, म्हणाली. कित्येक महिन्यांत तिनं काही मागितलं नव्हतं. मी ते वाक्य हातात घट्ट धरून ठेवलं. जोवर तिला पाय गरम हवेत तोवर ती कुठं जात नाही, असं मी स्वतःला सांगितलं. वेडेपणा होता, पण मी तोच धरून बसले आणि त्या हिवाळ्यात दुसरं काही केलं नाही.

बाजारातले नायलॉनचे मोजे एका दिवसात बाद झाले. तिच्या पायाला सूज होती, वरच्या इलॅस्टिकनं पोटरीवर लालभडक कडं उमटलं. लोकरीचे आणले तर तिनं हातही लावला नाही. "मेंढीच्या अंगावरचं हाय ते. तिचं तिला असू दे." मी म्हटलं, बरं, ही बघ, ही खोटी लोकर, कारखान्यात होते, हिच्यात मेंढीचा केससुद्धा नाही. ते तिनं तासभर घातले. मग म्हणाली, आत घाम येतो आणि घाम गार पडतो. शिवाय, "दिसतंय तर लोकरच. समाचाराला चार बायका येणार, त्यांस्नी काय पावती दाखवू?" राहिला कापूस. जाड सुती मोजे, इलॅस्टिक नसलेले, सुजलेल्या पायाच्या मापाचे. असे मोजे दुकानात मिळत नाहीत, म्हणून सुया आणल्या.

विणकाम मला शाळेत शिकवलं होतं. त्याच्या जोरावर मी जन्मात एक मफलर केला होता, तोही एका टोकाला रुंद होत गेलेला. मोजा म्हणजे गोल विणायचा, मध्येच टाच वळवायची, पुढं बोटांशी निमुळता करून बंद करायचा. मोबाइलवर एक परदेशी बाई मोजे विणताना येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय दाखवायची. तिचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, बाकीचं तिचे हात बघून कळायचं. ती सारखी हसायची. तिच्या मोज्यात जाणारे पाय गोरे, सडपातळ आणि ठणठणीत असायचे. तिचा मला भयंकर राग यायचा, आणि रोज दुपारी मी तिलाच लावून बसायचे.

सूत आलं कबनूरहून. तिथं माझ्या मावसभावाचे माग आहेत. त्यानं मोठ्या मनानं सुताच्या दोन कोनांची, म्हणजे शंकूसारख्या रिळांची, पिशवी पाठवून दिली. सूत बारीक होतं, मी चार पदर एकत्र पिळून घेतले. विणायला इतकं छान लागलं की काय सांगू. ताठ, गुळगुळीत, टाका जिथं ठेवावा तिथं उभा राहायचा. जोड पुरा झाला तेव्हा मी अक्कापुढं नेऊन ठेवला. तिनं मोजा नुसता बघितला नाही. आत हात घातला, बोटं फाकवली, कापड दोन बोटांत चोळलं आणि चोळलेली बोटं नाकाशी नेली.

"कांजी हाय ह्याला," ती म्हणाली.

"असू दे की. धुतल्यावर जाईल."

"कांजीत चरबी घालत्यात."

अक्काचं माहेर कबनूरच्याच शेजारचं. लहानपणी तिनं सुताला कांजी देताना पाहिलं होतं. मागावरच्या उभ्या सुताला कांजी देतात, म्हणजे ते ओढाताणीत तुटत नाही, आणि त्या काळी ते सूत मऊ राहावं म्हणून कांजीत जनावराची चरबी मिसळायचे. मी मावसभावाला फोन लावला, फोन स्पीकरवर टाकला. तो ओरडून सांगू लागला, "अगं मावशे, तो जमाना गेला की! आता मेण घालत्यात, कायबाय पावडरी घालत्यात, चरबी कोण घालतंय?" अक्कानं शांतपणे विचारलं, "तू बघितलाईस घालताना?" तो म्हणाला, त्यानं बघितलं नव्हतं, सूत तयारच येतं. "मग?" अक्का म्हणाली, आणि विषय संपला.

मी त्या दिवशी रडले. मोज्यांसाठी नाही. मरायला टेकलेली बाई, तिचे पाय गार, आणि ती कुठल्या जमान्यातल्या चरबीचा हिशोब लावत होती. मी तिला म्हणाले, "तुला बरंच व्हायचं नाही. तुला फक्त सोडायचंय सगळं." ती म्हणाली, "बरं व्हायचं काय माझ्या हातात हाय व्हय?" आणि मग, "आडवं सूत माग त्याच्याकडनं. त्याला कांजी नसती."

मी डोळे पुसले आणि परत फोन केला. ती अजून मागत होती की.

आडवं सूत आलं. मऊ, लेचंपेचं. सुईवरनं टाके घसरायचे. त्या बिनकांजीच्या सुतानं मला माझ्या सगळ्या चुका दाखवून दिल्या. पहिल्या मोज्याची वरची कड इतकी आवळ झाली की टाचेच्या वर जाईना. माझा हातच आवळ आहे. त्या परदेशी बाईनं सांगितलं, दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घाला आणि मग एक काढून घ्या. तसं केलं, कड सैल झाली. मग दोन सुयांच्या सांध्यावर टाके विरळ पडून उभ्या रेघा दिसायला लागल्या. अक्का त्यांतून बोट घालून दाखवायची. नव्या सुईवरचा दुसरा टाका ओढून घट्ट करायला शिकले, रेघा गेल्या. मग टाच आणि पाऊल जिथं जुळतं तिथं दोन्ही बाजूंना भोकं. "हितनंच वारं शिरतंय," अक्का म्हणायची, आणि तिचं बरोबर असायचं. तिथं एक टाका जास्तीचा उचलायचा, तो पिळून विणायचा आणि पुढच्या फेरीत शेजारच्यात मिसळून टाकायचा, हे समजायला मला दोन मोजे उसवायला लागले. शेवट बोटांशी. मी तिथं साधी शिवण घातली होती. संध्याकाळी मोजा काढला तर तिच्या बोटांवर लाल रेघ. तिची कातडी इतकी पातळ झाली होती की बघायला भीती वाटायची. शिवण काढली आणि वरचे-खालचे टाके रफूच्या सुईनं समोरासमोर जोडत गेले, म्हणजे आत काही टोचणार नाही.

हे सगळं मी आता भराभर सांगते आहे. तेव्हा एकेका गोष्टीला आठवडा गेला. विणताना मी मनाशी सारखी म्हणत होते की आपण वेळ घालवतोय. पण दुसरं काय करणार होते? औषधं तिनं कमी करत आणली होती. बोलायला बसलं तर ती डोळे मिटायची. मोजा पुढं केला की मात्र डोळे उघडायची, हात आत घालायची, आणि मग तिची ती जुनी जीभ सुटायची. "ही टाच हाय का पिशवी?" "एवढा लांब कशाला, मी काय नाचाय निघालोय?" मला इतकं बरं वाटायचं ते ऐकून. मी खोटं रागवायची. पाच-दहा मिनिटं आमचं घर पूर्वीसारखं व्हायचं, मग ती दमून भिंतीकडं तोंड करायची आणि मी मोजा घेऊन उठायची.

सगळ्यात अवघड अडचण मोबाइलवरच्या त्या बाईकडं नव्हती. सकाळी अक्काचे पाय उतरलेले असायचे आणि संध्याकाळी फुगलेले. सकाळच्या मापाचा मोजा संध्याकाळी रुतायचा, संध्याकाळच्या मापाचा सकाळी घोट्यावर गोळा व्हायचा. त्यात उजवा पाय डाव्यापेक्षा जास्त सुजायचा. लोकर ओढली की वाढते, सोडली की जागेवर येते. सूत एकदा वाढलं की तसंच राहतं. मी हात टेकले. सुया खरंच उचलून कपाटात ठेवल्या, त्या इरकलीशेजारी.

त्याच सुमाराला आमच्या भागातल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एक साध्वी माताजी येऊन राहिल्या होत्या. अण्णानं त्यांना घरी बोलावलं. पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिच्छी, अनवाणी. हिवाळा त्यांनाही होता की. अक्का त्यांच्यापुढं कशीबशी उठून बसली, आणि तिनं अन्न कमी करत नेण्याविषयी विचारलं. सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडत मरण स्वीकारणं, हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला गेला. माताजींनी घाई केली नाही. घरच्यांची संमती लागते, म्हणाल्या. अण्णानं मान हलवली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "तिच्या मोज्याचं काम राहिलंय अजून." माताजी मला म्हणाल्या, "मग ते पुरं करा."

मी केलं. वरची कड, घोटा आणि पावलाची पाठ, सगळीकडं दोन सुलट दोन उलट अशी पट्टी धरली, म्हणजे कापड चुण्यांसारखं मिटतं आणि पाय फुगला की उघडतं. नुसत्या सुतानं ते भागेना, म्हणून पट्टीत आतून बारीक इलॅस्टिकचा दोरा सुताबरोबर चालवला, सैल, रुतणार नाही असा. उजव्याला टाके जास्त घातले. सगळ्या जगाची तक्रार असते की हातानं विणलेले दोन मोजे सारखे होत नाहीत. मी वेगवेगळे व्हावेत म्हणून धडपडत होते. कच्चं सूत आधी उकळून वाळवून घेतलं, म्हणजे नंतर आटायला नको. बारीक टाके घालत, मोजत, उसवत मी ते बसवले.

सकाळी घातले. घोट्यावर गोळा झाले नाहीत. संध्याकाळी मी तिच्या पायथ्याशी बसून पट्टी खाली केली. पोटरीवर खूण नव्हती. बोटांवर रेघ नव्हती. पाय हातात घेतले तर उबदार होते. मला वाटलं शेकायची पिशवी ठेवली असेल कुणी, पण नव्हती. अक्का पायांकडं बघत होती. म्हणाली, "झालं बघ. आता झालं." आणि हसली. किती दिवसांनी हसली. तिनं दोन्ही पाय एकमेकांवर घासले, लहान पोरं घासतात तसे, आणि म्हणाली, "लई ग्वाड वाटतंय गं."

त्या रात्री मी पोटभर जेवले. पुढचे तीन-चार दिवस मी घरात गाणी गुणगुणत हिंडत होते, असं अण्णाची बायको नंतर सांगायची. मी दुसऱ्या जोडाचं सूतही उकळायला टाकलं. धुण्यात एक, पायात एक, असा हिशोब. ती मोजे काढायला देत नव्हती. धुवायला मागितले तर म्हणायची, उद्या. मला वाटलं, आता हिला काहीतरी आवडलंय. आता ही राहते.

माताजी परत आल्या तेव्हा अक्कानं मला जवळ बोलावलं. "मोजं काढ," म्हणाली. मला वाटलं, त्यांच्यापुढं पायात मोजे नकोत, मानाची रीत. मी काढले. ते तिनं माझ्या हातातून घेतले, नीट एकावर एक ठेवले, दोन्ही हात जोडले आणि माताजींना म्हणाली, "ह्याचा त्याग."

माझं डोकं फिरलं. मी माताजींसमोर ओरडले, "सोडायला दुसरं काय न्हवतं तुला? दोन साड्या हायत, चटई हाय, ती सोड की!"

"त्यात जीव न्हवता माझा," अक्का म्हणाली.

"आणि ह्यात?"

"ह्यात गुंताय लागला. सकाळी जाग आली की आधी पाय बघत व्हतो. देवाचं नाव नंतर."

मी माताजींकडं वळले. त्यांना काय काय बोलले ते मला लिहायचं नाही. त्या ऐकत राहिल्या. एवढंच म्हणाल्या की नकोशी झालेली वस्तू सोडायला नियम लागत नाही. अण्णा मला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन आला. गॅसवर पातेल्यात सूत उकळत होतं. मी तिथं उभी राहून विचार करत होते की आवळ होते, ढगळ होते, भोकं पडलेले होते, तोवर ते मोजे सोडावेत असं तिच्या मनात आलं नव्हतं. माझ्या हातून ते बरोबर झाले आणि तिच्या यादीत जाऊन बसले. मी जीव तोडून जे केलं ते हेच केलं होतं. गॅस कुणी बंद केला मला आठवत नाही.

मोजे पुरे झाले होते, अडवायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं. त्यानंतर सगळं लवकर झालं. धान्य थांबलं, मग दूध, मग ताक. गरम पाणी तेवढं राहिलं. घरात सारखी माणसं. बाया ओळीनं बसून णमोकार मंत्र म्हणायच्या. सगळे म्हणायचे, केवढी भाग्याची. तिच्या पायांवर तिच्याच जुन्या साडीचा पदर असायचा, तोही सरकलेला. मी येता-जाता तो सारखा करायचे आणि बोटं गार लागली की पटकन हात मागं घ्यायचे.

एका दुपारी बाया बाहेरच्या सोप्यात जेवायला बसल्या होत्या आणि खोलीत मी एकटी होते. अक्काचे डोळे मिटलेले होते. मी तिच्या पायथ्याशी बसले आणि तिची दोन्ही पावलं हातांत घेतली. सूज उतरली होती. पावलं एवढीशी झाली होती. ती गार होती आणि माझ्या हातांत हळूहळू कोमट होत गेली. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर ताटांचा आवाज होत होता.

तिचे ओठ हलले. मी वाकले.

"हात काढ बाई," ती म्हणाली. "बरं वाटाय लागलंय."

"बरं वाटतंय तर राहू दे की."

"म्हणून तर म्हणतोय."

मी हात काढून घेतले.